नवसारीचे डॉक्टर पावरी

सुरतेचे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या मनात प्रथम शिवछत्रपतींची स्वारी उभी राहते. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात मराठ्यांचे घोडे त्या श्रीमंत बंदरात शिरले, आणि तेव्हापासून सुरत आपल्या लेखी इतिहासातली नगरी होऊन बसली. आज मला आपणांस त्याच मुलखात न्यावयाचे आहे. परंतु कारण निराळे आहे. सुरतेहून दक्षिणेकडे आठ-दहा कोस गेले म्हणजे पूर्णा नदीच्या काठी नवसारी लागते. या गावी १० ऑक्टोबर १८६६ रोजी एका पारशी घरात एक मुलगा जन्मास आला. तो पुढे डॉक्टर झाला, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी इंग्लंडच्या मैदानांवर एका उन्हाळ्यात त्याने १७० गडी बाद केले. त्याचे नाव मेहेलाशा एदलजी पावरी.

आज हे नाव फारसे कोणाच्या ओठी नाही. क्रिकेटचा इतिहास सांगणारे पुष्कळदा रणजितसिंहांपासून आरंभ करतात. परंतु रणजितसिंहांचे नाव कोणाच्या कानी पडण्यापूर्वीच या वैद्याने आणि त्याच्या सोबत्यांनी आपल्या देशातील माणसे या परक्या खेळात साहेबाला हरवू शकतात हे दाखवून दिले होते. शिवाय पावरींचे चरित्र नुसत्या खेळाचे नाही. कुटुंब, धर्म आणि मैदान या तिहींचा धागा त्यात एकत्र वळलेला आहे. धर्म माणसाला बळ कसे देतो, आणि तोच धर्म खेळाच्या मैदानावर भिंत कशी होतो, या दोन्ही गोष्टींचा विचार त्यांच्या आयुष्याच्या निमित्ताने करता येतो.

प्रथम गावाकडे पाहू. इराणातून आलेल्या पारशी लोकांनी संजाण येथे आपला पवित्र अग्नी स्थापिला. पुढे संजाणवर संकट आले तेव्हा तो अग्नी, ज्याला ते इराणशाह म्हणतात, डोंगरातील गुहांत लपविला गेला आणि अखेर नवसारीस आला. तेथे तो तीनशे वर्षांहून अधिक काळ तेवत राहिला. अठराव्या शतकाच्या धामधुमीत काही काळ तो सुरतेच्या आश्रयास गेला, आणि १७४२ साली उदवाड्यास स्थिर झाला. इराणशाह गेला तरी नवसारीचे धर्मकेंद्र म्हणून असलेले स्थान गेले नाही. १७६५ साली तेथे स्वतंत्र आतषबेहराम, म्हणजे सर्वोच्च प्रतीचे अग्निमंदिर, उभे राहिले. सुरतेतही १८२३ या एकाच वर्षी दोन आतषबेहराम प्रतिष्ठित झाले. धर्मगुरूंचे हे गाव. अकबराच्या दरबारी जाऊन आपल्या धर्माचे मर्म सांगणारे दस्तूर मेहेरजी राणा हे येथलेच. जमशेटजी टाटांचा जन्मही १८३९ साली याच गावी झाला.

राज्य मात्र मराठ्यांचे होते. नवसारी हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानाच्या चार प्रांतांपैकी एक. मेहेलाशा नऊ वर्षांचे असताना, १८७५ साली, सयाजीराव महाराज गादीवर आले. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा नवसारी सुरत जिल्ह्यात गेली. १९९७ पासून ती स्वतःच जिल्ह्याचे ठाणे आहे. पारशी देव्हारा, गुजराती बोली आणि मराठी अंमल असा हा त्रिवेणी संगम होता, आणि त्या मातीत आमच्या चरित्रनायकाची मुळे आहेत.

पारशी माणसाच्या नावातच त्याचे कुटुंब असते. आपल्याप्रमाणेच मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येते, आणि त्यापुढे घराण्याचे. मूल जाणते झाले की त्याची नवजोत होते. अंगात सदरा आणि कमरेला कुस्ती येते. आपल्याकडील मुंजीशी तिचे साम्य कोणाच्याही ध्यानात यावे. फरक एवढाच की ती मुलीचीही होते. त्या दिवसापासून हुमत, हुख्त आणि हुवर्श्त, म्हणजे सद्विचार, सद्वचन आणि सत्कर्म ही तीन सूत्रे मुलाच्या कानावर पडत राहतात. त्या काळी हिंदुस्थानातील पारशी समाजाची सारी संख्या लाखाच्याही आत होती. इतक्या लहान समाजात कुटुंब आणि जात यांच्यामधली रेषा पुसट असते. एकाचे यश साऱ्यांचे, आणि एकाची नाचक्कीही साऱ्यांची. पावरी पुढे मैदानावर उतरत तेव्हा अकरा खेळाडूंमागे हे सारे विस्तृत कुटुंब उभे असे.

वैद्यकाचा या धर्माशी संबंध फार जुना आहे. वेंदीदाद या त्यांच्या धर्मग्रंथात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत: शस्त्राने बरे करणारा, वनस्पतींनी बरे करणारा आणि पवित्र मंत्राने बरे करणारा. त्यांत मंत्राने बरे करणाऱ्यास श्रेष्ठ मानले आहे. कोणाकडून किती मोबदला घ्यावा याचीही तेथे नोंद आहे. धर्मगुरूला बरे केले तर त्याचा आशीर्वाद हीच दक्षिणा. घरधन्याला बरे केले तर हलक्या किमतीचा एक बैल. जसजशी रोग्याची योग्यता चढत जाते तसतसे जनावरही मोठे होत जाते. रोग हा दुष्ट शक्तीचा उपद्रव आणि त्याच्याशी झुंजणे हे धर्मकार्य, अशी त्यामागील दृष्टी आहे. अशा परंपरेतील तरुणांना इंग्रजी वैद्यक परके वाटले नाही यात नवल ते काय? मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, आणि १८६४ साली गुजरातेतून येणारी आगगाडी मुंबईस पोहोचली. नवसारीच्या मुलाला डॉक्टरी शिकण्याची वाट आता पडावांची राहिली नव्हती. गाडीत बसावे आणि मुंबईस उतरावे.

मुंबईत या तरुणांना आणखी एक गोष्ट भेटली. ती म्हणजे क्रिकेट. पारशी मुलांनी किल्ल्याबाहेरच्या मैदानावर साहेबांचा हा खेळ पाहिला आणि उचलला. प्रारंभी छत्रीची बॅट आणि उंच टोपीच्या यष्ट्या करून ती खेळत, असे सांगतात. १८४८ साली त्यांनी ओरिएंट नावाचा पहिला क्लब काढला; दोन वर्षांनी झोरोस्ट्रियन क्लब निघाला. क्लबाच्या नावातच धर्माचे नाव आले, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु खेळावयास जागा हवी ना? १८७५ साली युरोपियनांनी बॉम्बे जिमखाना स्थापन केला, आणि त्याच मैदानावर त्यांचा पोलो सुरू झाला. पोलोची तट्टे दौडून गेली की जमीन खुरांनी उखडून निघे. त्यावर दुसऱ्या दिवशी चेंडू सरळ उसळेल तर शपथ. पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. अर्जांवर निर्णय झाले, निर्णय फिरले, पुन्हा अर्ज झाले. शापुरजी सोराबजी यांनी १८९७ साली या साऱ्या झगड्याचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पोलो काही मूठभर साहेब खेळत आणि क्रिकेट शेकडो मुले खेळत. तरी सरकारी तागडीत साहेबांचे पारडे जड ठरे. अखेर १८८५ साली पारशी जिमखान्याची स्थापना झाली आणि समुद्राकाठी केनेडी सी-फेसवर त्याला स्वतःचे मैदान लाभले. पावरी वाढले ते या झगड्याच्या दिवसांत.

पारशी खेळाडूंनी मनावर घेतले ते मात्र याहून मोठे होते. खेळाच्या मायभूमीतच जाऊन खेळावे असे त्यांनी ठरविले. समुद्र ओलांडणे त्यांच्या धर्मात निषिद्ध नव्हते. हिंदूंना त्या काळी परदेशगमनानंतर प्रायश्चित्ताचा प्रश्न पडे. १८८६ साली पहिला पारशी संघ विलायतेस गेला. त्याचा नायक एक डॉक्टरच होता, डॉ. डी. एच. पटेल. २८ सामन्यांत एकच विजय मिळाला, १९ हरले, बाकीचे अनिर्णित राहिले. लॉर्ड्सच्या मैदानावर प्रतिपक्षात खुद्द डब्ल्यू. जी. ग्रेस होते. तेही डॉक्टर, डॉक्टराचे चिरंजीव, आणि भावंडांसह क्रिकेट खेळणाऱ्या घरातले. वैद्यक, कुटुंब आणि क्रिकेट यांची जोड ही काही आमच्याकडचीच गोष्ट नव्हती!

१८८८ साली दुसरा संघ निघाला. नायक पेस्तनजी कांगा होते आणि गोलंदाजीची मुख्य भिस्त तरुण पावरींवर. त्यांची गोलंदाजी वेगाची असे. हात खांद्याच्या रेषेत आडवा आणून ते चेंडू टाकीत. ही जुनी पद्धत तेव्हा इंग्लंडात मागे पडत चालली होती. तरीही त्यांनी त्या उन्हाळ्यात १७० गडी टिपले, आणि सरासरी पाहिली तर एका गड्यामागे बारा धावाही खर्चिल्या नाहीत. ३१ सामन्यांपैकी ८ जिंकले, ११ गमावले, १२ अनिर्णित राहिले. दोन वर्षांपूर्वीच्या एका विजयाशी हे ताडून पाहावे. केवढी ही प्रगती! आणि तिचा मोठा वाटा या एकवीस वर्षांच्या युवकाच्या उजव्या हाताचा होता.

पण खरी परीक्षा घरीच व्हावयाची होती. १८८९-९० च्या हिवाळ्यात जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ हिंदुस्थानात आला. संघात लॉर्ड हॉक यांच्यासारखे नामांकित खेळाडू होते, आणि साऱ्या दौऱ्यात त्यांना कोणी हरवू शकले नाही. अपवाद फक्त एका सामन्याचा. ३० आणि ३१ जानेवारी १८९० रोजी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्यांची गाठ पारशांशी पडली. ज्या जिमखान्याचे सभासदत्व एकाही हिंदी माणसास मिळत नव्हते त्याच्याच मैदानावर हा सामना होता. पाहुण्यांच्या दुसऱ्या डावात पावरींनी ३४ धावांत ७ गडी बाद केले, आणि पारशी संघ चार गडी राखून जिंकला. क्रिकेटच्या खेळात इंग्लंडहून आलेल्या संघाला हिंदी संघाने हरविण्याची ही पहिलीच वेळ. मैदानासाठी अर्ज करणाऱ्यांना चेंडूनेच उत्तर देता आले.

यानंतर दोन वर्षांनी, लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर असताना, युरोपियन विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने सुरू झाले. १८९२ साली सुरू झालेल्या या प्रेसिडेन्सी सामन्यांपासून हिंदुस्थानातील पहिल्या दर्जाच्या क्रिकेटचा आरंभ मानतात. पावरी त्यात प्रथमपासून होते. १८९५ साली ते इंग्लंडात होते आणि तेथे मिडलसेक्स परगण्याकडून ते खेळले. त्याच उन्हाळ्यात रणजितसिंहांनी ससेक्सकडून पदार्पण केले. रणजितसिंहांची कीर्ती पुढे जगभर झाली; पावरी मात्र मुंबईस परतले आणि आपल्या वैद्यकीच्या व्यवसायास लागले.

येथे थोडे थांबू. डॉक्टरी आणि क्रिकेट ही दोन्ही कामे वेळ मागणारी. सामना दोन-तीन दिवस चाले, आणि तितके दिवस दवाखान्याकडे पाठ फिरवावी लागे. खेळातून त्या काळच्या हौशी खेळाडूस दमडीही मिळत नसे. मुंबईची परिस्थितीही अशी की वैद्यास उसंत मिळू नये. १८९६ साली शहरात गाठीच्या प्लेगाने थैमान मांडले आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो हटला नाही. अशा शहरात डॉक्टर म्हणून राहावयाचे आणि वर्षानुवर्षे मैदानावरही उतरावयाचे, हे केवळ हौसेने होत नाही. त्याला निष्ठा लागते. पावरी वयाची चाळिशी उलटल्यावरही पारशी संघाकडून खेळत होते.

आणि त्यांनी आणखी एक काम केले, ज्याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांचे विशेष ऋणी असावे. १९०१ साली त्यांनी ‘पारशी क्रिकेट’ या नावाचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. गोलंदाजी कशी करावी, फलंदाजी कशी करावी, क्षेत्ररक्षण कसे असावे, नायकाने काय पाहावे, खेळाचे नियम कोणते, हे सारे त्यांनी नव्या मुलांसाठी लिहून ठेवले. चांगला वैद्य आपले औषध गुप्त ठेवीत नाही. तो ते शिष्याला सांगतो. आपल्याकडे पुष्कळ विद्या गुरूबरोबर चितेवर गेल्या. डॉक्टरांनी आपली विद्या कागदावर उतरविली.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पारशांच्या पावलावर पाऊल टाकून इतरही आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरविले. १९०७ पासून सामने तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन चौरंगी झाले, १९३७ साली ‘बाकीचे’ म्हणून पाचवा संघ आला आणि पंचरंगी सामने सुरू झाले. खेळ वाढला, प्रेक्षक वाढले. परंतु संघात जाण्याचा दरवाजा धर्माचा राहिला. कोण कसा खेळतो याआधी कोण कोणाचा, हे विचारले जाई.

ज्याला हा दरवाजा सहज उघडला त्याला त्याची बोच कळत नाही. पावरींची कथा सांगताना म्हणूनच पळवणकर बाळू यांची आठवण होते. १८८८ साली पावरी इंग्लंड गाजवीत होते तेव्हा बाळू पुण्यात वाढणारे चर्मकार समाजातील पोर होते. त्यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडावी, रूळ फिरवावा, पगार महिना तीन रुपये. तोच मुलगा पुढे हिंदूंचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज झाला, आणि १९११ च्या विलायत दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. मैदानावर त्याचा चेंडू सर्व सवर्ण सोबत्यांना हवा असे. पण चहाच्या वेळी त्याचा प्याला निराळा, मातीचा. बाळू हिंदू संघाचे नायक कधीच झाले नाहीत. तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली लाभला. पावरींच्या पाठीशी त्यांचा धर्म कुटुंबासारखा उभा राहिला. बाळूंना आपल्याच धर्मातील लोकांशी झगडावे लागले. खेळ एकच, गोलंदाजीतील कसब दोघांचेही अस्सल, पण धर्माच्या छत्रीखाली एकाला सावली मिळाली आणि दुसरा उन्हातच राहिला.

१९११ चा तो संघ या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग त्याचे नायक. त्यात पारशी होते, हिंदू होते, मुसलमान होते, आणि बाळूंबरोबर त्यांचे बंधू शिवरामही होते. पारशांपैकी एक पुन्हा डॉक्टर, होरमसजी कांगा. १८८६ आणि १८८८ साली जो संघ गेला तो एका जमातीचा. पंचवीस वर्षांनी गेला तो देशाचा. पारशांनी तोडून ठेवलेल्या पायवाटेवरूनच तो गेला हे विसरता येत नाही. डॉ. कांगांचे स्मरण मुंबईने फार सुंदर रीतीने ठेवले आहे: १९४८ पासून त्यांच्या नावाने भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर क्रिकेटची लीग खेळली जाते, आणि मुंबईच्या किती तरी फलंदाजांचे पाय त्या चिखलात घट्ट झाले.

डॉ. पावरी दीर्घायुषी झाले. १९३३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना झाला तो त्याच बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, जेथे त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी व्हर्ननचा संघ लोळविला होता. लाला अमरनाथांनी शतक काढले, आणि साऱ्या धर्मांचे प्रेक्षक एकाच संघासाठी टाळ्या वाजवीत होते. पावरी तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी धर्मावर आधारलेले संघ नकोत असे जाहीरपणे सांगितले. वाद पेटला, सामने तरीही काही वर्षे चालले, आणि १९४६ च्या आरंभी पंचरंगी सामने कायमचे बंद झाले. त्याच वर्षी, १९ एप्रिल १९४६ रोजी, डॉक्टर मेहेलाशा पावरी यांनी मुंबईत देह ठेवला. योगायोगच म्हणावयाचा, परंतु एका कालखंडाचा आरंभ ज्याच्या चेंडूने झाला त्याचा अंत त्या कालखंडाबरोबरच व्हावा, हे मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

मग धर्माच्या नावाने खेळणाऱ्या त्या संघांना आपण नावे ठेवावीत काय? मला तसे वाटत नाही. ज्या काळी देश नावाचा संघ अस्तित्वातच नव्हता, त्या काळी माणसाला उभे राहावयास काहीतरी भूमी लागते. पारशांना ती त्यांच्या अग्निमंदिराने आणि कुटुंबांनी दिली. चूक होते ती पुढे, जेव्हा आधाराची काठी कुंपणाचा खांब होते. आपल्या घराचा अभिमान बाळगून घराबाहेरच्या माणसाला अंगणात घेता येते की नाही, हा प्रश्न त्या वेळी होता, आणि तो आजही सुटलेला नाही.

पारशी समाज आज फार लहान झाला आहे. २०११ च्या शिरगणतीत साऱ्या भारतात त्यांची संख्या ५७,२६४ भरली. पण सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर आणि सुरतेत जन्मलेले रुसी सुरती हे याच परंपरेचे, आणि ते खेळले ते भारताकडून. सुरतेच्या रुसी सुरतींनी १९६० ते १९६९ या काळात २६ कसोटी सामने खेळले. त्यांच्या जन्माआधी सत्तर वर्षे शेजारच्या नवसारीत जे बीज पडले होते त्याचेच हे फळ.

कधी सुरतेकडे जाणे झाले तर दोन-चार तास काढून नवसारीसही जाऊन यावे. आतषबेहरामाच्या आत आपणांस जाता येणार नाही. तो नियम त्यांच्या धर्माचा आहे आणि तो आपण मानला पाहिजे. पण बाहेर उभे राहून क्षणभर आठवावे की या गल्ल्यांतून निघालेल्या एका वैद्याने रोग्यांची नाडी पाहिली, मुलांना चेंडू कसा टाकावा ते शिकविले, आणि एका जानेवारीत सात गडी बाद करून एका गुलाम देशाची मान थोडी उंच केली.